ब्रिटिश पोलिसी कादंबऱ्या: वेक्सफर्ड, बँक्स, व्हेरा की रीबस?

माझे बाबा फौजदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरचा गणपती बहुतेक वर्षं त्यांच्याशिवायच बसला, कारण गणपती म्हणजे बंदोबस्त. रात्री उशिरा जिन्यात बुटांचा आवाज आला की आई उठून ताटावरची ताटली काढायची आणि आमटी पुन्हा गॅसवर चढवायची. ते जेवेपर्यंत त्यांना कोणी काही विचारायचं नाही, हा न सांगता पाळलेला नियम होता. म्हणून असेल, पण पोलिसी कादंबरी हातात घेतली की खून कोणी केला यापेक्षा तो अधिकारी घरी जातो तेव्हा दार कोण उघडतं, याकडे माझं लक्ष जास्त असतं.

या बाबतीत ब्रिटिश कादंबऱ्यांनी मला भरभरून दिलं. अडचण एवढीच, की बहुतेक मालिकांत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस पुस्तकं आहेत. नोकरी, घर, प्रवास सांभाळून वाचणाऱ्या माणसाला एकच मालिका निवडायची असेल तर कुठली? मी चार मालिका शेजारी शेजारी ठेवते आहे. रुथ रेंडेल यांचा वेक्सफर्ड, पीटर रॉबिन्सन यांचा बँक्स, अ‍ॅन क्लीव्ह्ज यांची व्हेरा आणि इयन रँकिन यांचा रीबस. कोडं सोडवण्याचा आनंद चारही देतात, त्यामुळे त्यावर निवड करण्यात अर्थ नाही. फरक आहे तो घरांत. वेक्सफर्डचं घर भरलेलं आहे, बँक्सचं आपल्या डोळ्यांसमोर मोडतं, रीबसचं पहिल्या पानाआधीच मोडलेलं आहे आणि व्हेराच्या घरात मेलेल्या बापाशिवाय कोणी नाही.

वेक्सफर्डपासून सुरू करते, कारण बाकीच्या तिघांना मी नकळत त्याच्याशीच ताडून पाहते. ससेक्समधलं किंग्जमार्कम हे काल्पनिक गाव, तिथला चीफ इन्स्पेक्टर रेज वेक्सफर्ड, बायको डोरा, मुली सिल्व्हिया आणि शीला. पहिली कादंबरी 'फ्रॉम डून विथ डेथ' १९६४ची, शेवटची 'नो मॅन्स नाइटिंगेल' २०१३ची. जवळजवळ पन्नास वर्षं एकच कुटुंब. या मालिकेचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की वेक्सफर्ड चांगला बाप आहे आणि तरीही चुकतो. धाकटी शीला नटी आहे आणि त्याचा जीव तिच्यावर जास्त आहे. थोरली सिल्व्हिया समाजसेविका, हट्टी, वाद घालणारी. आपण दोघींत दुजाभाव करतो हे त्याला कळतं. तो ते लपवायला धडपडतो आणि सिल्व्हियाला ते लहानपणापासून ठाऊक असतं. दोन भावंडांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे वाचताना आत कुठेतरी लागेल.

'किसिंग द गनर्स डॉटर' (१९९२) हे या मालिकेतलं माझं सर्वांत आवडतं पुस्तक. जंगलाच्या आत एक मोठं घर, तिथे रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर एका नामवंत लेखिकेचं कुटुंब गोळ्या घालून मारलं जातं. वाचते फक्त सतरा वर्षांची नात, डेझी. जखमी अवस्थेत ती सरपटत फोनपर्यंत पोचते. त्याच दिवसांत शीला एका आढ्यताखोर लेखकाच्या प्रेमात पडलेली आहे. वेक्सफर्डला तो माणूस सहन होत नाही, शब्दाने शब्द वाढतो आणि बापलेकीत अबोला धरला जातो. मग तो डेझीची विचारपूस करायला जातो, पुन्हा जातो, आणखी एकदा जातो. मुलीसाठी साठलेली माया दुसऱ्या मुलीकडे वळते आहे हे वाचकाला त्याच्या आधी दिसायला लागतं. तपास आणि घर एकमेकांत असे मिसळले आहेत, की एक काढलं तर दुसरं उभंच राहणार नाही. बऱ्याच पोलिसी कादंबऱ्यांत घरची प्रकरणं मधल्या विश्रांतीसारखी येतात. रेंडेल यांच्याकडे तसं होत नाही.

वेक्सफर्डचा हाताखालचा अधिकारी माइक बर्डन याचंही घर वाचण्यासारखं आहे. 'नो मोअर डाइंग देन' (१९७१) मध्ये बर्डनची बायको कर्करोगाने गेलेली आहे. दोन मुलं आहेत आणि ती सांभाळायला मेहुणी ग्रेस आपलं काम सोडून येऊन राहिली आहे. आपल्याकडे नातेवाइकांनी वर्षाच्या आत त्या दोघांचं लग्न लावून दिलं असतं. इथे बर्डन घरी जायचंच टाळतो. काम नसताना ठाण्यात बसून राहतो, आणि ग्रेस दिवसभराचं काहीतरी सांगायला त्याची वाट पाहत असते. बायकोच्या आठवणीने भरलेलं घर त्याला खायला उठतं, हे रेंडेल रडारड न करता दाखवतात. एरवी कमालीचा सोवळा असलेला हा माणूस तपासातल्याच एका बाईत गुंततो, तिचा लहान मुलगा हरवलेला असतो. हे पुस्तक लहान आहे, दोन-तीन बसण्यांत संपतं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या वेक्सफर्ड-कथांमध्ये बायकांबद्दलचे काही शेरे आज खटकतात. लेखिका स्वतः पुढे बदलत गेल्या आणि वेक्सफर्डलाही त्यांनी बदलायला लावलं. 'सिमिसोला' (१९९४) मध्ये त्याच्या ओळखीच्या कृष्णवर्णीय डॉक्टरची मुलगी बेपत्ता आहे. एका कृष्णवर्णीय तरुणीचा मृतदेह सापडतो आणि वेक्सफर्ड आईबापांना ओळख पटवायला बोलावतो. ती त्यांची मुलगी नसते. गावात कृष्णवर्णीय माणसं मोजकी, म्हणजे ही तीच असणार, एवढ्यावर त्याने धरून चाललेलं असतं. स्वतःला उदार समजणाऱ्या भल्या माणसाच्या मनातही काय दडलेलं असतं, हे त्या शवागारातल्या प्रसंगात उघडं पडतं. मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

आता व्हेरा. वेक्सफर्डच्या अगदी समोर ठेवावी अशी. इंग्लंडचा ईशान्य कोपरा, नॉर्थंबरलंड, स्कॉटलंडच्या हद्दीला लागलेला: डोंगर, मेंढ्या, बंद पडलेल्या खाणी, थंड समुद्र. व्हेरा स्टॅनहोप पन्नाशीतली, अंगाने जड, कपड्यांकडे लक्ष नसलेली, पायांवर एक्झिमा, लग्न नाही, मूल नाही. आई लहानपणीच गेली. बाप हेक्टर याला पक्ष्यांची अंडी आणि शिकारी पक्षी चोरण्याचं वेड होतं. बहुतेक रानपक्ष्यांची अंडी घेणं ब्रिटनमध्ये १९५४च्या कायद्याने गुन्हा ठरलं, म्हणजे हा छंद म्हणजे सरळ सरळ चोरी. पोरगी हाताशी धरून तो रात्री डोंगरात जायचा. त्याच मुलीने पुढे पोलिसात जावं आणि त्याच्याच घरात एकटीने राहावं, एवढ्या एका गोष्टीत क्लीव्ह्ज यांनी केवढं काय भरलं आहे! हेक्टर मालिका सुरू होण्याआधीच मेला आहे, पण व्हेराच्या डोक्यात तो सतत बोलत असतो, हिणवत असतो.

वेक्सफर्डला आपण बाप म्हणून पाहतो, व्हेराला लेक म्हणून, आणि ज्याला ज्या बाजूचं दुखणं जवळचं, त्याने ती मालिका घ्यावी. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली असतील तर वेक्सफर्ड. आईबापांशी काही बोलायचं राहून गेलं असेल आणि आता ते शक्य नसेल तर व्हेरा.

'द डार्केस्ट ईव्हनिंग' (२०२०) ची सुरुवात मी कितीतरी जणांना सांगितली आहे. बर्फाचं वादळ, व्हेरा रस्ता चुकते. कडेला एक गाडी, दार उघडं, गाडी चालवणारं माणूस नाही आणि मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेलं एक लहान मूल. जन्मात मूल न सांभाळलेली ही बाई ते मूल उचलून आपल्या गाडीत घेते आणि समोर दिवे दिसतात त्या मोठ्या घराच्या दिशेने निघते. आत मेजवानी चालली आहे. ते घर म्हणजे हेक्टरच्या घराण्याची हवेली, जिथून तो दुरावला होता. अंगावर बर्फ, हातात परकं मूल, अशा अवस्थेत व्हेरा आपल्याच भाऊबंदांच्या दारात उभी राहते. त्यांनी तिला आत घ्यावं की नाही या एका क्षणाच्या घुटमळण्यात सगळी भाऊबंदकी येते. खून त्यानंतर उघडकीस येतो.

व्हेराचं स्वतःचं घर रिकामं असल्यामुळे तिचा सार्जंट जो अ‍ॅशवर्थ महत्त्वाचा होतो. बायको सॅल, लहान मुलं, संध्याकाळचं वेळेवर जेवण. व्हेरा त्याला मुलासारखं वागवते आणि रात्री-अपरात्री फोन करून त्याच्या घरातला वेळही खाते. सॅलचा राग रास्त आहे आणि व्हेराला तो दिसतोही. क्लीव्ह्ज कुणाचीच बाजू घेत नाहीत. आमच्या घरी फोन वाजला की आईचा चेहरा जसा व्हायचा, तसा सॅलचा होत असणार असं मला नेहमी वाटतं. इथे मी तटस्थ राहू शकत नाही.

बँक्सच्या बाबतीत क्रम पाळावाच लागतो. लंडनला कंटाळून अ‍ॅलन बँक्स यॉर्कशरच्या डोंगराळ भागात, ईस्टव्हेल या काल्पनिक गावात बदली घेतो. बायको सँड्रा, मुलगा ब्रायन, मुलगी ट्रेसी. 'गॅलोज व्ह्यू' (१९८७) वाचलं तर सुखी कुटुंब दिसतं. मग पुस्तकामागून पुस्तक जातं आणि नवरा-बायकोतलं बोलणं कमी होत जातं. मोठं भांडण नाही, मारझोड नाही. तो कामात, ती तिच्या कलादालनात. दहाव्या पुस्तकापर्यंत, 'इन अ ड्राय सीझन' (१९९९) पर्यंत, ते वेगळे झालेले असतात. संसार असा हळूहळू विरताना बाकी तिन्ही मालिकांत दिसत नाही, आणि म्हणून सुरुवातीची थोडी सपक पुस्तकंही वाचायला हवीत. एकाच पुस्तकावर बोळवण करायची असेल तर मात्र 'इन अ ड्राय सीझन' घ्यावं. दुष्काळात धरण आटतं, बुडालेलं गाव वर येतं आणि त्यात सांगाडा सापडतो. उजनीचं पाणी उतरल्यावर पळसदेवचं देऊळ उघडं पडलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते गाव डोळ्यांसमोर आणायला काहीच कष्ट पडणार नाहीत. त्याच वेळी ब्रायन सरळ मार्ग सोडून रॉक बँडमध्ये जायचं ठरवतो आणि बापलेकाचं फोनवर वाजतं. बँक्सच्या स्वतःच्या बापाला मुलगा पोलिसात गेलेला कधीच रुचलं नव्हतं. आपण तेच करतो आहोत हे त्याला उशिरा उमगतं.

'बॅड बॉय' (२०१०) मधला एक प्रसंग पालकांनी जरूर वाचावा. एका आईला मुलीच्या खोलीत पिस्तूल सापडतं. ब्रिटनमध्ये अशा प्रतिबंधित शस्त्रासाठी साधारणपणे किमान पाच वर्षांची कैद आहे. तरी ती ठाण्यात येते, ओळखीच्या बँक्सला भेटायला, कारण तो समजून घेईल असा तिला भरवसा आहे. बँक्स रजेवर असतो. तिचं म्हणणं यंत्रणेच्या हाती जातं, सशस्त्र पथक घरावर जातं आणि पुढे जे होतं ते त्या घराला कायमचं उद्ध्वस्त करतं. त्याच प्रकरणात ट्रेसीही अडकते. विश्वासाने पोलिसांकडे गेलेल्या आईचं काय होतं, हे रॉबिन्सन यांनी फार कळवळ्याने लिहिलं आहे.

रीबसबद्दल मी थोडक्यात सांगते. तो थोर आहे, एडिंबरा शहर त्याच्यासारखं कुणी दाखवलं नाही, पण कुटुंब शोधत येणाऱ्याने इथून सुरुवात करू नये. तो घटस्फोटित आहे, एकटा आहे, दारू आणि कामात बुडालेला. मुलगी सॅमी हा एकच धागा, आणि तो धागाही संकट आलं की ताणला जातो: 'नॉट्स अँड क्रॉसेस' (१९८७) मध्ये तिचं अपहरण, 'द हँगिंग गार्डन' (१९९८) मध्ये गाडीची धडक आणि बेशुद्धी. मात्र 'अ साँग फॉर द डार्क टाइम्स' (२०२०) याला अपवाद. फुप्फुसं साथ देत नाहीत म्हणून म्हातारा रीबस वरच्या मजल्यावरचं घर सोडून त्याच इमारतीत तळमजल्यावर येतो. सामान नीट लागायच्या आत सॅमीचा फोन येतो, तिचा जोडीदार बेपत्ता आहे. तो तडक उत्तरेला निघतो. पोलिसांचा पहिला संशय सॅमीवरच जाणार हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत आहे. आता तो पोलीस की बाप? या मालिकेची आणखी एक खासियत म्हणजे रीबसचं वय खऱ्या वर्षांबरोबर वाढतं. २००७ मध्ये साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला. वेक्सफर्ड मात्र कित्येक वर्षं जवळजवळ त्याच वयाचा राहतो.

पोलिसी कामाच्या तपशिलात रॉबिन्सन आणि क्लीव्ह्ज पुढे आहेत. इंग्लंडमध्ये १९८४च्या पोलीस कायद्याने बऱ्याच गोष्टी बांधून टाकल्या. संशयिताला आरोप न ठेवता चोवीस तास ठेवता येतं, वरिष्ठाच्या परवानगीने छत्तीस, आणि गंभीर गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटने मुदत वाढवली तर जास्तीत जास्त शहाण्णव. चौकशीचं ध्वनिमुद्रण होतं, शेजारी वकील बसतो. आपल्याकडच्या पोलीस कोठडीची सवय असलेल्या वाचकाला हे घड्याळ सुरुवातीला नवं वाटतं, पण एकदा लक्षात आलं की त्या चौकशांतला ताण कळतो. रीबसच्या स्कॉटलंडचा कायदा वेगळा. तिथे एका पुराव्यावर भागत नाही, दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा लागतो. रेंडेल या सगळ्यात फारशा शिरत नाहीत. त्यांचा तपास म्हणजे लोकांच्या दिवाणखान्यात बसून केलेल्या गप्पा आणि गाडीत वेक्सफर्ड-बर्डनचा वाद.

ब्रिटिश पोलिसात एक पद असं आहे, की ते वाचताना मला हेवा वाटतो. फॅमिली लायझन ऑफिसर. खून झालेल्या माणसाच्या घरी हा अधिकारी नेमला जातो. तो चहा करून देतो, फोन घेतो, तपास कुठवर आला ते सांगतो आणि त्याच वेळी घरातली माणसं काय बोलतात याकडे कानही ठेवतो. स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या १९९३च्या खुनात पोलीस त्याच्या आईवडिलांशी ज्या तऱ्हेने वागले, त्यावर १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने कडक ताशेरे ओढले आणि त्यानंतर या कामाला रीतसर रूप आलं. व्हेरा आणि बँक्सच्या नव्या पुस्तकांत ही व्यक्ती भेटली की तिच्याकडे लक्ष ठेवा. दुःखात बुडालेल्या घरात परक्याने बसून राहणं किती अवघड असतं ते तिथे दिसतं.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी कादंबरी वाचायची सवय नसलेल्याला क्लीव्ह्ज सगळ्यांत सोप्या. छोटी वाक्यं, स्वच्छ वर्णन. रॉबिन्सनही सोपे, फक्त बँक्स सतत गाणी ऐकतो, ती नावं ओळखीची नसली तरी पुढे जावं. रेंडेल यांची इंग्रजी घोटीव आहे, वेक्सफर्ड कवितेच्या ओळी सहज टाकतो. रँकिन यांच्याकडे स्कॉटिश बोली आहे, थोडा धीर हवा.

तर माझं मत सरळ सांगते. पहिल्यांदाच या वाटेला जात असाल तर व्हेरा घ्या, आणि पहिल्या 'द क्रो ट्रॅप' (१९९९) ऐवजी 'द डार्केस्ट ईव्हनिंग' ने सुरुवात करा. पहिल्या पुस्तकात ती बरीच उशिरा अवतरते, आणि वाचक तिच्यासाठी आलेला असतो. हेक्टर मनात घर करून बसला तर 'द सीगल' (२०१७) कडे वळा, त्यात बापाचा भूतकाळच तपासाचा विषय होतो. 'द रायझिंग टाइड' (२०२२) मात्र आधीची वाचल्याशिवाय उघडू नका, कारण विचारू नका. टीव्हीवरची मालिका पाहिली असेल तरी पुस्तकातली व्हेरा वेगळी भेटते, जास्त एकटी आणि जास्त रागीट. आणि वर्षभर पुरेल असं एखादं कुटुंब हवं असेल, जिथे परत परत जावंसं वाटेल, तर वेक्सफर्ड. मी स्वतः एकच मालिका कपाटात ठेवू शकले असते तर तीच ठेवली असती.

बाबा इंग्रजी कादंबऱ्या वाचत नाहीत. सध्या मी त्यांना रोज संध्याकाळी वेक्सफर्डचं 'रोड रेज' (१९९७) मराठीत सांगते आहे. गावाबाहेरून जाणाऱ्या नव्या रस्त्याला विरोध करणारे लोक काही जणांना ओलीस धरतात आणि त्यांत डोरा असते. काल हा भाग आला तेव्हा बाबांनी मला थांबवलं. "बायको ओलीस, आणि तपास त्याच्याकडेच ठेवला?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "काढून घ्यायला पाहिजे होता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी दिला नसता." स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "सापडली का ती?" मी म्हटलं, अजून दीडशे पानं आहेत.